डाव्या दाराचा गंज

१

चंपतराव रेवतकरांच्या टकलावर शेवटचा केस कधी दिसला होता, हे त्यांच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. तरी हा गृहस्थ अधूनमधून सीताबर्डीवरच्या बायकांच्या सामानाच्या दुकानात शिरतो आणि हेअर स्प्रेचा डबा मागतो. दुकानदार एकदा डब्याकडे बघतो, एकदा टकलाकडे. चंपतराव लाजल्यासारखं करून सांगतात, "बिनावासाचा द्या. घरची संशय घेते."

डबा घेऊन स्वारी घरी येते ती थेट मागच्या खोलीत. तिथे कूलरसमोर टेबल, टेबलावर जुना पेपर, आणि पेपरवर वीतभर लांबीचा एखादा ट्रक, एखादी जीप नाहीतर एसटी. सगळं पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटमधून घरीच कापून चिकटवलेलं. एवढी मेहनत करून झाल्यावर गाडी चकचकीत रंगवावी आणि काचेच्या कपाटात ठेवावी, असं कोणालाही वाटेल. चंपतरावांना चकचकीत गाडीची शिसारी येते. त्यांचं खरं काम गाडी पुरी झाल्यावर सुरू होतं. ते तिला सडवतात.

आधी सगळ्या अंगाला काळपट तपकिरी रंग. त्यावर हेअर स्प्रेचा एक हात. तो ओला आहे तोवर, जिथे पत्रा खाल्ला गेला पाहिजे तिथे जाड्या मिठाचे खडे. मग वरून गाडीचा खरा रंग. वाळला की ओल्या ब्रशनं घासायचं. मीठ निघतं, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि आतून तपकिरी डोकावते. त्यावर विटेची भुकटी, चहाचा चोथा, काडीनं ओढलेले ओघळ. निसर्गाला ज्या कामाला वीस पावसाळे लागतात ते चंपतराव दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत उरकतात आणि वर निसर्गाला नावं ठेवतात.

यातली गंमत अशी की कोराडीच्या वीजकेंद्रात या माणसानं उभी नोकरी पेंटर म्हणून काढली. पाइपांवरचा, शिड्यांवरचा, टाक्यांवरचा गंज खरवडायचा, रेड ऑक्साइड मारायचं, आणि दुसऱ्या टोकाला पोचावं तोवर पहिल्या टोकाला गंज परत हजर. जन्मभर त्यानं यांना हरवलं. रिटायर झाल्यावर चंपतराव सरळ त्याच्याच पार्टीत गेले.

आणि पार्टीचं काम प्रामाणिकपणे केलं. गेल्या शिमग्याला शेजारच्या अपेक्षा मॅडमच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या कारवर, दाराच्या खाली, यांनी गोंदात कालवलेला गंजाचा एक फोड रातोरात उगवून ठेवला. बाई बँकेत अधिकारी. तडक शोरूमला गेल्या आणि तिथल्या चार माणसांना इंग्रजीतून झापलं. पाचव्यानं तो फोड नखानं उचलून त्यांच्या हातावर ठेवला. तेव्हापासून त्यांच्या वसाहतीत, अख्ख्या ले-आउटमध्ये, चंपतरावांच्या शब्दाची किंमत अशी की ते "नळ आला" म्हणाले तर लोक आधी तोटी उघडून बघतात, मग बादली आणतात.

२

त्यांच्या समोरच्या घरात बळीराम गजभिये राहतो. वीजकेंद्रातच ड्रायव्हर होता. सुटीच्या दिवशी चार पैसे मिळावेत म्हणून त्यानं जुनी मेटाडोर घेतली होती आणि ती अशी निळी रंगवली होती की लांबून आभाळाचा तुकडा गल्लीत वळल्यासारखा वाटे. नाव अर्थातच निळी. धम्मचक्र दिनाला निम्मं ले-आउट त्या निळीत बसून दीक्षाभूमीला जायचं. एरवी लग्नं, बारशी, कोणाचं सामान, कोणाचा आजारी माणूस. गाडी बळीराम चालवायचा, पण हुकूम चालायचा तो त्याच्या बायकोचा, कांताबाईचा. ती पुढे, त्याच्या बाजूच्या सीटवर बसे आणि कोणाला मागे बसवायचं, कोणाला मांडीवर घ्यायचं, ते ठरवी.

चंपतरावांची एकही मस्करी जिच्यावर चालली नाही अशी ही एकच बाई. रबराचा विंचू असो की साखरेच्या डब्यात मीठ असो, ती नुसती यांच्याकडे बघायची आणि ओठ दाबून हसायची. मग यांचाच चेहरा पडायचा.

कांताबाई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती गेली त्या आठवड्यात बळीरामनं निळी आणून स्वतःच्या कंपाउंडच्या भिंतीला गल्लीच्या बाजूनं लावली, ती लावलीच. डावी बाजू भिंतीला इतकी चिकटवून की मधून मांजरालाही पोट आत घेऊन जावं लागे. "इतके साल गाडी चालवली अन् पार्किंग नाही आलं," असं चंपतराव तेव्हा म्हणाले होते. बळीरामनं बोलणंच कमी केलं होतं. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर चहा प्यायचे, चंपतराव बोलायचे आणि बळीराम निळीकडे बघायचा. टायर बसले, टपावर लिंबाचा पाला कुजला, वीजकेंद्राची राख थरावर थर बसली.

मग महानगरपालिकेची माणसं येऊन रस्ता अडवल्याबद्दल बोलून गेली. बळीरामचा मुलगा प्रेमानंद, कळमेश्वरला कारखान्यात आहे, त्यानं भंगारवाला ठरवला. बापाला विचारायची त्याची हिंमत होत नव्हती. पण बापानं एका दमात हो म्हटलं आणि तो चपला घालून समोर चंपतरावांकडे आला. मागच्या खोलीत आला, उभाच राहिला.

"थे जाच्या आधी मले तिचं मॉडेल करून दे. जशी उभी हाय तशी. रंग चमकवू नको. जेवढं जंग हाय तेवढंच."

"अन् टायरातली हवा? भरू का सोडू?"

"चंपत," बळीराम म्हणाला, "दुनियेची मस्करी कर. यात केली, तर तुह्या दारात पाय नाही ठेवणार मी. मरेपर्यंत नाही."

तो गेल्यावर चंपतराव बराच वेळ हातातली कात्री उघड-मीट करत बसले. बायको गेल्यापासून या माणसानं कोणाकडे काही मागितलं नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी मागत नव्हता.

३

समोरची, मागची आणि उजवी बाजू सोपी होती. चंपतराव गल्लीत उभे राहून मोबाइलमध्ये फोटो काढत, घरी येऊन तेवढाच डाग, तेवढाच ओघळ. टपाची कड, जिथे पत्रा पार चाळणीसारखा झाला होता, ती त्यांनी सुईच्या टोकानं खाल्ली. रुखमाबाई चहा ठेवायला आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अजी, हे तर खरीच भंगार दिसते." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याची केलेली ही पहिली तारीफ.

घोडं अडलं डाव्या बाजूला. भिंतीमुळे ती बाजू कोणालाच दिसत नव्हती. चंपतरावांनी फटीत मोबाइल घालून बघितला, जाळी आणि अंधार आला. हात घातला, पालीची घाण लागली. मग ते घरी येऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटून पेंटरच्या डोक्यानं विचार केला. भिंतीकडची बाजू. ऊन नाही. भिंतीवरून पाणी उतरणार, पाला अडकणार, ओल सुकणार नाही. म्हणजे गंज सगळ्यात जास्त तिथे. कोराडीला भिंतीला लागून गेलेल्या किती पाइपांनी त्यांना हे शिकवलं होतं.

त्यांनी डावं दार खालपासून वरपर्यंत खाल्लं. खालच्या कोपऱ्यात भोक. कडीखाली लांब ओघळ, मध्येच दुभंगलेला. दाराच्या मधोमध एक मोठा फोड, भाकरीच्या पापुद्र्यासारखा उठलेला. आणि खिडकीची खालची पट्टी, जिच्यावर काच उतरते, ती तर पूर्ण तपकिरी. हात धुऊन लांबून बघितलं आणि स्वतःवरच खूष झाले. गाडी वाळत ठेवली, कूलरच्या वाऱ्यात आडवे झाले.

उठून बघतात तर खिडकीच्या पट्टीवरचा गंज नाही.

बाकी दार जसंच्या तसं. फक्त ती पट्टी, तीही अख्खी नाही, मधला तांदळाच्या दाण्याएवढा भाग, साफ. आणि खाली पेपरवर तपकिरी भुकटीची एक नीट रेघ पडलेली.

हात तेलकट असेल, असं ते स्वतःशी म्हणाले. रंग धरला नसेल. मग चष्मा लावून जवळून बघितलं. रंग सुटला असता तर खाली प्लास्टिकचा पांढरेपणा दिसायला हवा होता. तो नव्हता. तिथे करडी, गुळगुळीत चमक होती, रोज हाताळलेल्या दाराच्या कडीला असते तशी.

त्यांनी परत गंज लावला. दुसऱ्या दिवशी जेवून, झोपून उठले. पट्टी साफ. भुकटी खाली.

४

आता चंपतरावांच्या जागी कोणी साधा माणूस असता तर घाबरला असता. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या चपला पळवल्या त्याला स्वतःची चप्पल दिसेनाशी झाली की पहिला विचार येतो तो हाच: आपली कोणीतरी फिरकी घेऊन राहिला. चंपतरावांना तर आनंदच झाला. इतकी बारीक, इतकी सफाईची मस्करी करणारं या ले-आउटात दुसरं कोणी आहे!

पहिला संशय रुखमाबाईंवर. त्या फडक्यानं पुसत असतील. रुखमाबाईंनी सांगितलं की तुमच्या त्या कचऱ्याला हात लावायचा असता तर तो मी लग्नाच्या वर्षीच बाहेर फेकला असता. दुसरा संशय अपेक्षा मॅडमवर, शिमग्याचा सूड. चंपतराव त्यांच्या फाटकाशी गेले आणि हात जोडून म्हणाले की मॅडम, मानलं तुम्हाला, फक्त कसं करता तेवढं सांगा. मॅडमनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि फाटकाला आतून कडी घातली. मग चहाच्या चोथ्याला लागलेल्या मुंग्या, मग पाल, मग कूलरची ओल. प्रत्येकावर खटला चालला आणि प्रत्येक जण निर्दोष सुटला.

शेवटी त्यांनी सापळा लावला. दुपारी जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातून ज्वारीचं पीठ आणलं आणि चाळणीनं टेबलावर, गाडीच्या भोवती, पातळ पसरलं. पाल येवो, मुंगी येवो, बोट येवो, ठसा उमटल्याशिवाय राहणार नाही. हसत हसत चाळणी झटकत होते, तेवढ्यात रुखमाबाई दारात आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"हे काय करून राहिले?"

"पाल पकडतो."

"पीठ असं पसरत नसतात घरात," रुखमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळाच होता. "माणूस गेल्यावर पसरतात. कोण येऊन गेलं ते सकाळी पाहाले."

नरखेडकडच्या गावात चंपतरावांनी ते लहानपणी बघितलं होतं. पीठ, दिवा, वरून पालथी टोपली आणि सकाळी वाकून बघणाऱ्या बायका. कोणी म्हणे मांजराचं पाऊल, कोणी म्हणे पाखराचं. तेव्हाही ते हसले होते. आता त्यांनी रुखमाबाईंना हसून दाखवलं, खोलीचं दार लावलं आणि बाहेरच्या पलंगावर जाऊन पडले. झोप लागली नाही. दाराकडे तोंड करून ते पडून होते आणि दार कोणी उघडलं नाही.

चहाच्या वेळी आत गेले. पीठ जसं पसरलं तसं होतं. त्यावर ना पाऊल, ना शेपटीची रेघ, ना मुंगीची वाट. फक्त डाव्या खिडकीच्या बरोबर खाली, पांढऱ्या पिठावर, ताज्या तपकिरी भुकटीची एक बारीक ओळ. वरून खाली सांडलेली, हलकेच, जसं कोणी बाही टेकवली आणि उचलली.

चंपतरावांनी मागे वळून बघितलं. रुखमाबाई दारात नव्हत्या. त्यांना उगाचच वाटलं की असत्या तर बरं झालं असतं.

५

त्या दिवसानंतर त्यांनी पट्टीला हात लावला नाही. बाकीचं काम करत राहिले. चाकं बसवली, पुढच्या काचेला तडा दिला. उजव्या बाजूला आरसा लावला; डावा मूळ गाडीला आहे की नाही हे दिसत नव्हतं, म्हणून तो सोडून दिला.

मग एका दुपारी लाइट गेली. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडतो तेव्हा जी शांतता येते ती नुसती आवाज थांबल्याची नसते. घराचे कान उघडल्यासारखं होतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, मोरीतला थेंब, दूर कोराडी रोडवर कोळशाच्या ट्रकचा हॉर्न, सगळं एकदम खोलीत येऊन बसतं. चंपतराव ब्रश धुवत होते. हात थांबला.

पेंटरची एक सवय असते. पत्रा किती खाल्ला गेलाय हे डोळ्यांनी कळत नाही; वरून फोड नसला तरी आत भुसा असू शकतो. म्हणून छोट्या हातोडीनं ठोकायचं आणि ऐकायचं. सडका पत्रा बद्द वाजतो. चांगला पत्रा बोलतो. चंपतरावांनी तसं जन्मभर ऐकलं होतं, आणि त्या शांततेत काही विचार न करता त्यांचं नख गाडीच्या टपावर गेलं.

टप. प्लास्टिक. उजव्या दारावर, टप. मागे, टप. बरोबर आहे, प्लास्टिक दुसरं काय बोलणार.

डाव्या दारावर नख मारलं.

ठण्ण.

बारीक, स्वच्छ आणि लांब. आतपर्यंत एकही गंजाचा कण न शिरलेल्या जाड, निरोगी पत्र्याचा आवाज. कोराडीला नवीन टाकी आली की पहिल्या दिवशी असा आवाज यायचा आणि खरवडणारे सगळे पेंटर हातातलं काम सोडून तिकडे बघायचे, कारण पुन्हा तो ऐकू येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तो आवाज खोलीभर फिरला, कूलरच्या गवताला लागला आणि थांबला.

आणि मग आतून, त्या वीतभर गाडीच्या आतून, दारावर कोणीतरी दोनदा थाप मारली. हलकेच.

घाबरवायला कोणी असं वाजवत नाही. ही थाप चंपतरावांना ठाऊक होती. मेटाडोरमध्ये, ट्रकमध्ये, काळीपिवळी जीपमध्ये जे कोणी बसलेत त्या सगळ्यांना ठाऊक असते. माणसं चढली, दार लागलं, आता निघा.

चंपतरावांच्या अंगावर काटा आला. डोक्यावरही आला असता, पण तिथे काही नव्हतं. विचित्र म्हणजे त्यांना भीती वाटली नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा वीजकेंद्राच्या चिमणीखाली उभं राहून वर बघितलं होतं तेव्हा वाटलं होतं तसं वाटलं. मान वर वर जात राहावी आणि टोक येऊ नये.

लाइट आली. कूलर घरघरायला लागला. चंपतराव खुर्चीत बसले आणि डोकं दोन्ही हातांत धरलं.

बळीरामला सांगावं? सांगायचं तरी काय, आणि कोणी सांगायचं? ज्यानं बँकेच्या बाईला गोंदाच्या फोडावरून शोरूमपर्यंत पळवलं, तो माणूस जाऊन सांगणार की बळी, गाडीत कोणी आहे. बळीराम चहाचा कप खाली ठेवील आणि उठून जाईल. परत येणार नाही. त्याचं काही चुकणारही नाही.

नाही. त्याला गाडी हवी होती, गंजलेली, तशीच द्यायची. चंपतरावांनी पट्टीवर शेवटचा गंज लावला, तो पक्का केला, वरून वॉर्निशचे हात दिले, इतके की नखानंही निघू नये. मासे ठेवायच्या टाक्या करणाऱ्याकडून काचेची पेटी आणली, आत गाडी ठेवली, झाकणाच्या कडा चिकटवून बंद केल्या आणि वर टॉवेल टाकला. त्यानंतर टॉवेल उचलून बघितला नाही. तो उचलायचा मोह रोज होत होता, हे मात्र खरं.

६

भंगारवाल्याची क्रेन सकाळीच आली. ऊन अजून तिरपं होतं. बळीरामनं पांढरा धुतलेला शर्ट घातला होता आणि तो ओट्यावर असा बसला होता, जसं कोणाच्या लग्नाला जायचं आहे आणि गाडी यायची आहे. प्रेमानंद साखळ्या बांधणाऱ्यांना सूचना देत होता, ज्या ते ऐकत नव्हते. चंपतराव पेटी घेऊन आले, टॉवेलासकट, आणि ओट्याच्या खाली उभे राहिले. बळीरामनं एकदा पेटीकडे बघितलं आणि मान हलवली. आधी ती जाऊ दे.

साखळी ताणली. निळी किंचित कण्हली, भिंतीपासून सुटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची डावी बाजू उन्हात आली.

चंपतरावांचा हात पेटीवर घट्ट झाला. खालच्या कोपऱ्यात भोक. कडीखाली लांब ओघळ, मध्येच दुभंगलेला. दाराच्या मधोमध भाकरीच्या पापुद्र्यासारखा फोड. जे त्यांनी डोळे मिटून, खुर्चीत बसून, मनानं केलं होतं, ते सगळं तिथे होतं. ओघळाचं वळणही तेच. डावीकडे आरसा नव्हता.

आणि खिडकीची पट्टी.

रंग तिथे कधीच उडाला होता. उघडं लोखंड होतं, कोपराएवढी जागा, आणि ते चमकत होतं. लोकांनी वाकून बघितलं. प्रेमानंद म्हणाला की आई हात ठेवायची ना तिथे, घासलं असेल. लोकांनी माना डोलावल्या. चंपतरावांना मान डोलावता येईना. रंग घासून गेला हे ठीक. पण उघडं लोखंड एक पावसाळा राहत नाही. एका रात्रीची ओल त्याला पुरते. जन्मभर ते याच एका गोष्टीशी हरले होते. इथे इतके पावसाळे भिंतीचं पाणी उतरलं होतं, भोवती सगळं दार खाऊन गेलं होतं, आणि ती जागा चिंचेनं घासलेल्या भांड्यासारखी होती. जशी आज सकाळीच कोणाच्या बाहीनं पुसली.

बळीराम उठला, गाडीपाशी गेला. हात उचलला, पण त्या जागेवर ठेवला नाही. तिच्या शेजारी ठेवला.

"म्हणून भिंतीले लावली होती," तो स्वतःशीच म्हणाला. "तिच्या दारानं दुसरं कोणी चढू नये म्हणून."

चंपतरावांनी खाली पेटीकडे बघितलं. हातातल्या पेटीत हेच दार होतं, हीच पट्टी, आणि नेमक्या याच जागेवर त्यांनी वॉर्निशचे हात देऊन गंज पक्का बसवला होता. सगळी गाडी बरोबर आणि एवढीच जागा चूक. बळीरामच्या डोळ्यांना ती सोडून दुसरं काही दिसणारच नव्हतं. घरी टॉवेल उचलून बघितला असता तर! पेटी हातातून सुटावी, फुटावी, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं.

"दे," बळीराम म्हणाला.

७

टॉवेल त्यानंच काढला.

पेटी चारही बाजूंनी बंद होती. चिकटवलेल्या कडा तशाच. आत निळी उभी होती, आणि तिच्या डाव्या खिडकीखाली, काचेच्या तळावर, तपकिरी भुकटीची रेघ होती. पट्टीवर उन्हाचा एक ठिपका चमकत होता.

बळीरामनं पेटी दोन्ही हातांनी उचलून छातीसमोर धरली, गाडीचं तोंड स्वतःकडे करून. पेटीच्या पाठीमागून तिरपं ऊन काचेतून गेलं आणि गाडीची सावली त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडली. टप, चाकं, पुढच्या काचेचा उजेडाचा चौकोन. आणि चौकोनाच्या कडेला, खिडकीच्या उंचीवर, गाडीच्या बाहेर आलेलं काहीतरी. दुमडलेलं. गोलसर.

आरसा, चंपतरावांच्या मनानं झटकन सांगितलं. पण त्या बाजूला त्यांनी आरसा लावलाच नव्हता. त्यांनी पेटीत बघितलं. खिडकी रिकामी होती, पट्टीवर काही नव्हतं. शर्टावर बघितलं. तिथे ते होतं. आणि ते बघत असतानाच ते किंचित सरकलं, लांबच्या प्रवासात माणूस हात अवघडला की सरकवतो तेवढंच, आणि परत टेकलं.

गल्लीत क्रेन गुरगुरली. खरी निळी वळणावरून बाहेर गेली, प्रेमानंद मागे मागे, पोरंसोरं त्याच्या मागे. ओट्यापाशी हे दोघंच राहिले, आणि दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

बळीरामनं सावलीवरून नजर न काढता विचारलं.

"चंपत. हे तू केलं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा चंपतरावांना वाटलं की आपल्याला हो म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. मस्करी होती म्हणायचं, शिव्या खायच्या, दोस्ती गेली तर जाऊ द्यायची, पण रात्री दिवा बंद करून झोपता आलं असतं. तोंड उघडलं.

"नाही गा," ते म्हणाले. "म्या फक्त गंज लावला. थो टिकला नाही."

बळीरामनं त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, जसं खोटी नोट उन्हात धरून बघतात.  मग बळीरामच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला, आणि त्यानं मान डोलावली.

तो वळला आणि पेटी छातीशी धरून घराकडे चालू लागला. पायऱ्या हळूहळू चढला, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, आतल्याला हिसका बसू नये असा. त्याच्या घराचं दार जुन्या पद्धतीचं, अरुंद. चौकटीपाशी तो थांबला. पेटी जरा तिरपी केली, डावी बाजू स्वतःकडे घेतली, आणि मान खाली घालून, रोजच्यासारखं, म्हणाला,

"हात आत घे वं."